आठवा फर्मा

तुम्ही माझ्या मुलीला सलग तीन वर्षं शून्य दिलंत. शून्यसुद्धा नाही, शून्याला निदान आकार असतो. तुम्ही लिहिलंत, ‘प्रतिसाद नाही’. तीन वर्षं, तीन कागद, तिन्हींवर तोच गोल शिक्का आणि शिक्क्याखाली सहीच्या जागी एक निळा फराटा. तो फराटा तुमचा. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, फराट्यातून नाव काही लागत नाही, म्हणून नुसतं तुम्ही म्हणते.

चौथा कागद आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की सदर विद्यार्थिनीचं नाव तीस दिवसांत हजेरीपटावरून कमी करण्यात येईल, पालकांनी तिला सांभाळगृहात दाखल करावं. सांभाळगृह म्हणजे काय ते मी दुसऱ्याच दिवशी बघून आले. एक लांब खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, खुर्च्यांत मुलं, समोर टीव्ही. टीव्हीचा आवाज बंद. पुस्तक औषधालाही नाही. तिथली बाई मायाळू होती, मला पाणी दिलं आणि म्हणाली, इथे मुलांना कसलाही त्रास नसतो.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला त्रास हवा आहे. बीजगणिताचा, नकाशे ओळखण्याचा, शेजारच्या बाकावरच्या मुली गुपचूप काय बोलतात ते न कळण्याचा. नववीचा वर्ग हवा आहे तिला. तीस दिवस माझ्या हातात होते आणि दुसरं काहीही मला मिळवायचं नव्हतं.

तिची ओळख करून देते, कारण तुमच्या तिन्ही कागदांवर तिची ओळख ‘सदर’ एवढीच आहे. जन्मताना श्वास अडकला तेव्हापासून तिचे हात तिचं ऐकत नाहीत. मुठी वळलेल्या, मान एका बाजूला, जीभ शब्दांसाठी वळत नाही. ऐकतात ते दोघेच, डोळे आणि उजवी टाच. डोळे वर केले की हो. डोळे खिडकीकडे वळवले की नाही. टाच आपटली की थांब, चुकतंय, माझ्याकडे बघ. जास्त बोलायचं असेल तेव्हा अक्षरांची पाटी आहे. मी एकेका ओळीवर बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की ती डोळे वर करते. एका वाक्याला दहा मिनिटं लागतात. पण त्या दहा मिनिटांत ती फालतू बोलत नाही, हे मी तुमच्या कचेरीबद्दल म्हणू शकत नाही.

आमच्या कारखान्यात तिला सगळ्या जणी फौजदार म्हणतात. कारण सांगते, पण आधी तुमची परीक्षा.

दरवर्षी तुमच्याकडून कुणीतरी पिशवी घेऊन यायचं. दरवर्षी माणूस वेगळा, पिशवी तीच. त्यातून एक लाल चेंडू, एक पिवळा पेला आणि एक निळी टोपी निघायची. मग तो माणूस किंवा ती बाई, वाकून, बाळाशी बोलावं तशा आवाजात विचारायची की लाल चेंडू कुठला. ती डोळे खिडकीकडे न्यायची आणि तिथेच ठेवायची. पाटी बाहेर काढली की आईने बोट दाखवलेलं चालणार नाही म्हणायचे. वीस मिनिटांत पिशवी बंद, कागदावर तुमचे दोन शब्द.

पहिल्या वर्षी मी तिच्यावरच चिडले. घरी येऊन विचारलं, चेंडू दिसला नाही का. तिने डोळे फिरवले आणि खिडकीवर नेऊन ठेवले. मग दमलीस का, नाही. घाबरलीस का, नाही. राग आला का म्हटल्यावर डोळे इतके वर गेले की नुसतं पांढरं उरलं.

आता कारखाना. आमचा कारखाना म्हणजे पुस्तकबांधणीचा. ज्यांनी पुस्तकं नुसती वाचलीत त्यांना सांगावं लागतं. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एका कागदावर सोळा पानं. त्याची घडी घातली की झाला एक फर्मा. पहिला फर्मा, दुसरा फर्मा, असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक रचले की पुस्तक तयार, मग शिलाई, मग पुठ्ठा. रचताना चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आदल्या फर्म्याच्या खुणेपेक्षा जरा खाली. सगळे फर्मे नीट लागले की पाठीवर काळ्या खुणांचा जिना दिसतो. एखादी पायरी वरखाली झाली किंवा गळाली की जिना मोडतो. जुळणी करणाऱ्या बाईने प्रत्येक प्रतीचा जिना बघायचा असतो. बघते का? चारशे प्रती, संध्याकाळी गाडी येऊन उभी, मुकादम डोक्यावर. पहिल्या पन्नास प्रती बघते, पुढे हात चालतात आणि डोळे घरी काय चुलीवर टाकायचं त्याचा विचार करतात.

मी सहावीत शाळा सोडली. पुढचं शिकले ते फर्म्यांची घडी घालता घालता. त्यामुळे माझं ज्ञान सोळा-सोळा पानांचं आहे आणि मधेमधे गळालेलं आहे. तुम्ही मला अडाणी समजला असाल तर पूर्ण चूक नाही. पण पान क्रमांक मला वाचता येतात, आणि तुम्हाला येत नाहीत, हे पुढे कळेलच.

शाळा सुटली की मुलगी माझ्याबरोबर कारखान्यात. तिच्या बाबांची फिरतीची गाडी, घरी कुणी नाही. तिची चाकांची खुर्ची माझ्या टेबलाच्या टोकाला. एक दिवस ती अशीच बसलेली, समोरून शिलाईवाली मावशी जुळवलेल्या प्रती घेऊन चालली, तर हिची टाच सुरू. धप, धप, धप. मावशी आमच्याकडे सगळ्यात जुनी, बोटाला पट्टी बांधून चाळीस वर्षं सुई ओढतेय, जिभेलाही तीच सुई. म्हणाली, काय गं, मला कशाला ओरडतेस. खाली बघते तर तिच्या हातातल्या प्रतीचा जिना मोडलेला. चौथ्याच्या जागी पाचवा, पाचव्याच्या जागी चौथा. मावशीने दुसरी प्रत धरली, डोळे वर. तिसरी धरली, डोळे वर. सहावी धरली, टाच.

तेव्हापासून आमच्याकडची एकही प्रत तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय शिलाईला जात नाही. बाया तिच्यापुढून पाठ दाखवत जातात, परेड असल्यासारख्या. चूक केली की मावशी म्हणते, जा, फौजदाराने धरलंय, सोडवून आण. मुकादमांनी तिच्यासाठी खुर्चीपुढे दिवा लावून दिला, स्वतःच्या घरून आणून. तीन वर्षांत छापखान्याकडून एक पुस्तक चुकलेलं परत आलं नाही. आणि तुमच्या कागदावर ‘प्रतिसाद नाही’.

चौथा कागद घेऊन मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत, भित्र्या आहेत. माझ्या मुलीला वर्गातून काढावं असं त्यांना मनातून वाटत नव्हतं, पण तुमच्या शिक्क्याची त्यांना एवढी धास्ती की कागद हातात धरतानाही कडेने धरला. म्हणाल्या, मी तरी काय करू, नियमपुस्तकात जे आहे ते आहे. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी कपाटातून जाड निळं पुस्तक काढलं. मूल्यमापनाचे नियम, दोनशे आठ पानं.

पुस्तक बघितल्याबरोबर मी ओळखलं. ते आमच्याकडे बांधलेलं होतं. त्या निळ्या पुठ्ठ्याचे चारशे तुकडे मीच कापले होते.

अनुक्रमणिकेत लिहिलं होतं, प्रकरण नऊ, पर्यायी मूल्यमापन, पान एकशे बारापासून. एकशे बारा उघडलं. पानाच्या तळाशी प्रकरणाचं नाव आणि खाली एकच ओळ, ‘ज्या विद्यार्थ्यांना बोलता किंवा हाताने लिहिता येत नाही, त्यांना’. समोरचं पान बघितलं. वरची पहिली ओळ, ‘लाखेने मोहरबंद करून कुलूपबंद कपाटात ठेवावे.’

मी बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. बाईंनी चष्मा पुसला आणि स्वतः वाचलं. मग म्हणाल्या की हो, ते वाक्य जरा विचित्र आहे खरं, पण सरकारी भाषा असते तशी.

पान क्रमांक बघा, म्हटलं. डावीकडे एकशे बारा. उजवीकडे एकशे एकोणतीस.

सोळा पानं नव्हती. बरोबर एक फर्मा. सात सोळे एकशे बारा, म्हणजे सात फर्मे नीट लागलेले, मग थेट नववा. आठवा नाही. पुस्तक तीन वर्षांपूर्वीचं, चारशेच्या चारशे प्रती एकाच दुपारी जुळवलेल्या, जुळवणाऱ्या चौघी, त्यातली एक मी. इतके दिवस तुम्हाला शिव्या घालत होते आणि अर्धी शिवी माझ्याच टेबलावरून गेलेली.

अर्धीच हं. पुढचं अर्धं तुमचं आहे आणि ते मी सोडणार नाही.

कारखान्यात परत आले आणि मुकादमांना सांगितलं. त्यांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला. ते म्हणाले, हे बाहेर पडलं तर सरकारी काम जाईल, आवाज करू नकोस, आधी ते फर्मे आहेत का बघू. न वापरलेले चारशे फर्मे म्हणजे काही सुई नव्हे, दोन चांगले भक्कम गठ्ठे. आम्ही माळा उपसला. रद्दीची खोली उपसली. मावशी कापणी यंत्राच्या मागे वाकून बघत होती आणि शिंकत होती. दोन तास गेले. आणि दोन्ही तास माझी मुलगी टाच आपटत होती. मी दोनदा ओरडून सांगितलं, थांब गं, आईला काम आहे. धप, धप. भूक लागली असेल, बाहेर जायचं असेल. मावशी शेवटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुझी पोर इथे चुका पकडण्यासाठी बसते. मग ती काय पकडतेय ते तरी बघ."

मी बघितलं. टाच ज्यावर आपटत होती ते बघितलं.

तिचे पाय खुर्चीतून लोंबकळले की मांड्या आखडतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी, त्या घाईच्या दुपारी, मी टेबलाखालचे दोन बांधलेले गठ्ठे उचलले, मळू नयेत म्हणून वर खाकी कागद चिकटवला आणि तिच्या पायाखाली सरकवले. उंची अगदी बेतशीर आली. रोज त्यावर पाय ठेवून ती बसत होती. कागद फाडला. आत आठवा फर्मा, पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस, चारशे प्रती, नव्या कोऱ्या.

आणि मग मला ती दुपार आठवली. त्या दुपारीही ती टाच आपटत होती, सारखी. तेव्हा ती अकरा वर्षांची, तेव्हा फौजदार नव्हती, तेव्हा आम्हाला वाटायचं अंग आखडतंय. मी तिला बाहेर वऱ्हांड्यात नेऊन बसवलं होतं आणि रागावले होते.

पाटी काढली. विचारलं, तुला माहीत होतं? डोळे वर. तेव्हापासून? डोळे वर. मग पुढे का नाही, एवढं म्हणून मी थांबले, कारण तिने पाटीकडे बघितलं होतं. मी बोट फिरवलं. चार अक्षरं लागली. ‘सांगितलं’.

तिची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. तिने डोळे वर केले. विषय संपला. पोरगी मोठ्या मनाची आहे, माझ्यावर गेलेली नाही.

मग आम्ही सगळ्यांनी तो फर्मा वाचला. मावशीला वाचता येत नाही, तिला मुकादमांनी वाचून दाखवला. एकशे तेराव्या पानावर पहिलंच वाक्य होतं, ‘इतरांप्रमाणेच त्यांच्या इयत्तेचा अभ्यासक्रम धरून, स्वतःच्या रीतीने उत्तर देण्याची संधी द्यावी.’ पुढे लिहिलं होतं की मुलाची उत्तर देण्याची रीत आधी लिहून घ्यावी आणि त्या रीतीला मदत समजू नये. मूल रोज जे काम करतं ते, ते जिथे करतं तिथे जाऊन पाहावं. वयाला न शोभणाऱ्या वस्तू वापरू नयेत. दोन वेगवेगळ्या रीती करून बघितल्याशिवाय ‘प्रतिसाद नाही’ असं लिहू नये. कुणीतरी शहाण्या माणसाने हे लिहिलं होतं. सोळाच्या सोळा पानं एका मुलाच्या बाजूने. आणि ती पानं आम्ही पायाखाली घातली होती.

मी म्हटलं, उद्या कचेरीत जाते. मुकादम टेबलाची कड घासत राहिले. घरी तिच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू भांडायला जा. स्वयंपाक मी बघतो. फक्त खालच्या पट्टीत भांड, वरच्या पट्टीत तुला शब्द सुचत नाहीत."

तुमच्या कचेरीत मी खालच्या पट्टीतच गेले. पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला आणि प्रकरण नऊ आमच्या पुस्तकात नाही म्हणून परत ढकलला. नसणारच, म्हटलं, आणि फर्मा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटापालटा करून बघितला, जसं कुणी बाजारात खोटी नोट बघतं. हे कुठून आणलंत, म्हणाला. मी सांगितलं, तुमचं पुस्तक मी बांधलंय, त्यात हे घालायचं राहिलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो, माझी," मी म्हटलं. "लिहून देते. आता तुमची तुम्ही लिहून द्या. एकशे बारानंतर एकशे एकोणतीस येत नाही, हे तीन वर्षं कुणाला दिसलं नाही?"

त्याने कपाट उघडलं. एक प्रत काढली, मग दुसरी, मग तिसरी. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले. मी त्यांच्याकडून ते वाक्य मोठ्याने वाचून घेतलं, मुलांना लाखेने मोहरबंद करून कुलूपबंद कपाटात ठेवावे. एक जण हसायला लागला, मग दुसऱ्याकडे बघून थांबला. हसण्यासारखं नाहीच, कारण तुम्ही नेमकं तेच केलंत. पुस्तक चुकीचं होतं, पण तुम्ही ते अक्षरशः पाळलंत. आणि चेंडू-पेल्याची ती यादी? ती याच पुस्तकात पान नव्वदवर आहे, बालवाडीत प्रवेश घेणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांसाठी. प्रकरण सापडेना म्हणून कुणीतरी जे हाताला लागलं ते उचललं.

मी बसले होते तेवढ्यात दारात मुकादम उभे. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्या कबुलीच्या कागदावर माझं नाव त्यांनी खोडलं आणि स्वतःची सही ठोकली. मला म्हणाले, टेबल माझं आहे, चूकही माझ्या टेबलावरची. मला त्या माणसाचा इतकी वर्षं राग यायचा, आता येत नाही असं नाही, पण कमी येतो.

तुमच्या कचेरीने सात दिवसांनी एक निरीक्षक बाई पाठवल्या. तुम्ही स्वतः आला नाहीत. पण त्या बाई तयारी करून आल्या होत्या, एवढं मान्य करते. पिशवी नव्हती. हातात आठवा फर्मा होता, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. आधी त्यांनी खुर्ची ओढून माझ्या मुलीच्या समोर तिच्या उंचीला बसून घेतलं आणि तिच्याशी चौदा वर्षांच्या मुलीशी बोलावं तसं बोलल्या. हो कसं म्हणतेस, नाही कसं म्हणतेस, टाच कधी, हे तिलाच विचारून लिहिलं. पाटी त्यांनी स्वतः धरली, बोट स्वतःचं फिरवलं, म्हणजे माझ्यावर संशय नको. मला लांब, कापणी यंत्राजवळ उभं केलं. मी हात मागे बांधून उभी.

तासभर आठवीचं विचारलं. टक्केवारी, त्रिकोणाचे कोन, विषुववृत्त कुठल्या समुद्रांतून जातं. चार-चार उत्तरांतून ती डोळ्यांनी निवडायची. दोन चुकली, एकात हटून बसली. बाई प्रत्येक उत्तर लिहीत होत्या, चेहऱ्यावर काही दाखवत नव्हत्या. मावशी सुईत दोरा ओवत होती, तासभर तोच दोरा.

मग बाई म्हणाल्या, आता तिचं काम बघू. त्यांनी जुळवलेल्या वीस प्रती मागितल्या, शेजारच्या खोलीत नेल्या, दार लावलं आणि काही प्रतींत फर्मे बदलले. कुठल्या ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं. बाहेर येऊन एकेक प्रत मुलीपुढे धरायला लागल्या, पाठ तिच्याकडे. सगळं कामकाज थांबलं होतं. बाया भिंतीला लागून उभ्या.

पहिली, डोळे वर. दुसरी, वर. तिसरी, धप. बाईंनी वही बघितली, खूण केली. सातवी, धप. नववी, धप. बाराव्या प्रतीत फर्म्यांचा क्रम बदललेला नव्हता, नुसता एक फर्मा उलटा घातला होता. धप, आणि वर एक तिरका कटाक्ष, की ही काय रीत झाली. चौदावी धरली.

डोळे वर.

बाई थांबल्या. वहीत बघितलं. पुन्हा प्रत धरली. डोळे वर. बाईंनी मान हलवली, आणि मला माहीत आहे ती मान, तीन वर्षं बघितलीय. त्या हळू आवाजात म्हणाल्या की ही बदललेली आहे, ही तिने चुकवली, आणि वहीत फुली मारली. एका फुलीने काही जात नाही, त्या सांगत होत्या, पण मी कुठली ऐकते. आणि तेवढ्यात माझी मुलगी हसली. तिचं हसणं म्हणजे सगळं शरीर हसतं, खुर्चीची चाकं हलतात. आणि मग टाच. पण प्रतीकडे बघून नाही. बाईंच्या वहीकडे बघून.

मुकादम पुढे झाले, परवानगी मागितली आणि ती चौदावी प्रत उजेडात धरली. जिना अखंड. पानं मोजली, एक ते शेवटपर्यंत, मोठ्याने. एकही चुकलं नाही. बाई म्हणाल्या, अहो, मी स्वतः यातला पाचवा फर्मा काढला आणि पंधराव्या प्रतीतला घातला. मुकादमांनी विचारलं, पंधराव्यातला कितवा? बाईंनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. पंधराव्यातलाही पाचवाच. पाचवा काढून पाचवा घातला होता.

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच. मावशी मात्र दोरा तोडता तोडता म्हणाली, "असू द्या बाई. आमच्याकडे नवीन बाईला पहिले आठ दिवस ही चूक माफ असते."

आणि मग बाईच हसल्या. चष्मा काढून, डोळे पुसत. त्यांनी वहीतली फुली आडवी खोडली, बाजूला ‘तपासणाऱ्याची चूक, विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाची सही केली, वाचता येईल अशी. तुम्ही बघा कधी, सही अशीही करता येते. उरलेल्या सहा प्रती झाल्या. एकही चुकली नाही. शेवटच्या प्रतीला माझी मुलगी त्यांच्याकडे असं बघत होती की आता तुमची आणखी काही शंका.

निकाल त्यांनी तिथेच तिला वाचून दाखवला, मला नाही, तिला. इयत्ता आठवी उत्तीर्ण. नववीत प्रवेश. हजेरीपटावरून नाव काढण्याचा आदेश रद्द. पुढच्या सगळ्या परीक्षा प्रकरण नऊप्रमाणे, तिच्या रीतीने.

बायांनी जे काय केलं ते लिहून सांगता येत नाही. टेबलं बडवली, पुठ्ठे बडवले. मुकादम ओरडत होते की पुठ्ठ्याला पोचे पडतील, आणि स्वतःच बडवत होते. माझी मुलगी मधे खुर्चीत, मान मागे, डोळे इतके वर की काय सांगू. मी रडले नाही. तिच्या बाबांना फोन लावला, ते गाडी बाजूला घेऊन रडले, आमच्या घरात ते खातं त्यांच्याकडे आहे.

आज ती नववीत बसते. बाकाची कड कापून खुर्ची आत घेतलीय. बीजगणितात तिला शंभरपैकी एकसष्ट मिळाले आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण तिला सत्तर हवे होते. हा तो त्रास. हाच मला हवा होता.

आता तुमच्याकडे येते.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सात जणी आणि मुकादम कारखान्यात आलो. चारशे फर्म्यांना खळ लावायची पट्टी जोडली, म्हणजे कुठलीही शाळा एकशे बाराव्या पानामागे तो स्वतः चिकटवू शकेल. दोन गठ्ठे तुमच्या कचेरीत पोचवले. त्याची पोच माझ्याकडे आहे, तारीख आणि वेळ टाकून. आमच्या चुकीचं आम्ही एवढं केलं. चारशे पुस्तकं चारशे जागी गेली होती आणि तीन वर्षं प्रत्येक जागी कुणीतरी तेच अर्धं वाक्य वाचून पिशवी उचलली होती. माझ्या मुलीला आई भांडखोर मिळाली, आणि ती आई नेमकी त्याच टेबलावर काम करत होती. बाकीच्यांचं काय?

मी त्या सांभाळगृहात परत गेले होते. खुर्च्या मोजल्या. बावीस. त्यातल्या एका मुलीने मला येताना-जाताना नजरेने धरलं, सोडलं नाही. मी तिथल्या बाईंना विचारलं, हिला काय येतं? त्या म्हणाल्या, कागदावर काही नाही.

म्हणून विचारते. तीन वर्षांत तुमच्या फराट्याखाली किती मुलांच्या नावापुढे ते दोन शब्द लिहिले गेले? आकडा सांगा. त्यांतली किती हजेरीपटावरून काढली आणि आज कुठे बसली आहेत? त्यांची परीक्षा पुन्हा, आठव्या फर्म्याप्रमाणे, कुठल्या तारखेपासून घेणार? मला सहानुभूती नको, चौकशी समिती नको, आणि पुस्तकबांधणीतील त्रुटीमुळे हे झालं असं तर मुळीच लिहू नका, ते मी तुमच्या आधी लिहून दिलंय. तीन प्रश्न आहेत. तीन उत्तरं द्या, लेखी, नाव वाचता येईल अशा सहीने. कधी देताय?